अत्तराचा फाया

परळीच्या बाजारात मोगऱ्याच्या अत्तराचा वास आला की माझा पाय अजून अडखळतो. भाई गेला तेव्हा भाबीला सातवा महिना होता. नवरा गेल्यावर बाईनं घरात बसून पाळायचा शोक म्हणजे इद्दत; पोटुशी विधवेची ती बाळंत झाल्यावर पुरी होते, म्हणून आम्ही सगळे त्या बाळाचीच वाट बघत होतो. भाबी मागच्या खोलीत बसायची, ना सुरमा, ना बांगडी, ना अत्तर. थर्मलच्या वीज कारखान्याची राख खिडकीच्या गजांवर साचायची, ती बोटानं पुसायची. पोराला भाईचं नाक यावं, एवढंच कधीतरी बोलायची. महिन्याभरातच पोट दुखायला लागलं आणि पोरगं जन्मलं ते मेलेलंच. मर्द माणसं त्याला दफन करून आली. दुसऱ्या दिवशी अम्मीनं भाबीला न्हाऊ घातलं, अत्तराचा फाया पुढं केला आणि डोळे पुसत म्हणाली, "लाव बेटा. तुझी इद्दत पुरी झाली." भाबी फायाकडं बघत राहिली. "दुसऱ्या बायांना चार महिने दहा दिवस मिळत्यात, अम्मी. मला तेवढे बी न्हाईत?" अम्मीनं फाया स्वतःच्या मुठीत मिटून घेतला. आता अम्मीही नाही. भाबी मात्र त्याच खोलीत बसते, गजांवरची राख पुसत, आणि तिला उठ म्हणायची माझी छाती होत नाही.