गाइडमधले रोमन

आमच्या शाळेतला इतिहासाचा सर आठवीला रोमन शिकवायचा, म्हणजे खुर्चीत रेलून गाइड वाचायचा. दर वाक्याला "समझे?" विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता पान उलटायचा. रोमनांनी जगाला रस्ते दिले, हे तो अशा थाटात सांगे, की त्या रस्त्यांवर रोलर जणू यानंच फिरवलाय.

आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं, जिथं तिथं सडका खोदलेल्या. बीरगांव वस्तीतल्या एका वऱ्हाडी मुलीनं चाचणीत लिहिलं, 'रोमचे रस्ते बादशहानं नाही, सैनिकांनी अन् गुलामांनी बांधले. आपले माझी आई बांधते.'

"गाइडमध्ये आहे का हे?" स्टाफरूममध्ये माझ्यासमोर त्यानं त्यावर लाल काट मारली. शून्य.

महिन्याभरानं वर्गाच्या तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. आम्ही बाकीच्या शिक्षिका मागे उभ्या होतो. सर त्यांना म्हणाला,

"मैं तो बच्चों को यही सिखाता हूँ सर, सड़कें बादशाह नहीं, सैनिक और गुलाम बनाते थे।"

साहेब म्हणाले, "वाह!"

ती मुलगी पेपर घेऊन उठली. "सर, मंग माह्या उत्तरावर काट काहून मारली?"

सरनं टेबल चाचपलं. पान उलटायला हातात गाइड नव्हतं.