लांडगा खलास

हौसेने जंगल पाहायला गेलात आणि वाटाड्याने तोंडावर सांगितलं, "जनावर दिसणार नाही," तर तुम्ही संशय कुणाचा घ्याल? मी वाटाड्याचा घेतला.

दत्ताराम सावंत त्यांचं नाव. आम्ही सावंतकाका म्हणायचो. दोडामार्गकडचे, लहानपणी वडिलांबरोबर रान तुडवलेले. नोकरी शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपरची. अल नहदात आमच्या इमारतीशेजारी वाळूचा रिकामा प्लॉट होता. सकाळी बसची वाट पाहताना सगळे घड्याळ बघायचे, काका वाळू. "ही मांजर पुढच्या डाव्या पायाने लंगडते," म्हणायचे, आणि दोन दिवसांनी तीच लंगडी मांजर पार्किंगमध्ये दिसायची. ठशावर त्यांनी कधी पाय दिला नाही. "सही आहे ती, बाबा. दुसऱ्याच्या सहीवर पाय देऊ नये."

सुट्ट्यांमध्ये ते एका ट्रॅव्हल ऑफिसच्या सहली नेत. तेवढ्या दिवसांवर वर्षभर जगत.

मी नुकताच गावाहून शारजात आलो होतो. आमच्या घरात वडील रॉकेलच्या काळ्या बाजाराविरुद्ध पत्रकं काढत. मी अक्षरं त्या पत्रकांवर गिरवली. जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात, ईदच्या सुट्टीत, आम्ही चौदा जण कझाकस्तानातल्या एका राष्ट्रीय उद्यानात गेलो. जाहिरातीत छापलं होतं, 'बर्फातला लांडगा, हमखास.' मला तो 'हमखास' तेव्हाच खटकला होता. पहिल्या दिवशी काकांनी गुडघाभर बर्फातून फिरवून सशाची पावलं दाखवली, कोल्ह्याने उंदीर उकरल्याची जागा दाखवली. "आधी खाली बघा, मग लांब."

कुळकर्णीबाई कुरकुरल्या, "काका, पावलंच बघायची तर आमच्या घरी या. पोरं रोज वाळूचे बूट घेऊन सोफ्यावर चढतात." त्यांची मुलगी तर दर वळणावर विचारी, "अंकल, व्हेअर इज द वुल्फ?"

"जनावर काय व्हिजिट व्हिसावर येतं, तारीख ठरवून?" काका हसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांचं हसू गेलं. मी जिना उतरत होतो. लॉजच्या फोनवर काका शारजाच्या ट्रॅव्हल ऑफिसातल्या मॅनेजरशी बोलत होते, आवाज चढलेला. "नो, साब. वुल्फ खलास. मैंने बोल दिया ना, खलास!" त्याच वेळी मागच्या अंगणातून ताडपत्री झाकलेला एक ट्रक निघून गेला.

लांडगा खलास! मी अंगणात धावलो. बर्फ तुडवलेला होता, मोठ्या पंजांचे ठसेच ठसे. रक्त नव्हतं, म्हणजे वरून बर्फ टाकून झाकलं असणार. पुरावा म्हणून मी फोटो काढला. नाश्त्याला काका सगळ्यांना म्हणाले, "लांडगा दिसणार नाही."

"का?" मी विचारलं.

"घरी गेल्यावर ये, सांगतो."

मी गेलो नाही. गुन्हेगाराकडे चहाला कोण जातं? शारजात परतल्यावर मी एका पानाचं पत्रक लिहिलं, 'लांडगा कुणी मारला?' झेरॉक्स काढून सहलीतल्या सगळ्या घरांत वाटलं, एक प्रत ट्रॅव्हल ऑफिसला दिली. ऑफिसला निमित्तच हवं होतं. त्याच आठवड्यात काकांच्या सहली बंद झाल्या.

ते माझ्या दारात आले तेव्हा हातात पत्रक होतं. मी भांडायच्या तयारीत.

"शुद्धलेखन झकास आहे," ते म्हणाले. "एकच शब्द चुकला. खलास."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"कानांनी गावाकडचं ऐकलंस. तिकडे खलास म्हणजे मेला. इकडे, बाबा, खलास म्हणजे बंद. विषय संपला." ते उंबऱ्यातच उभे होते. "ट्रकमध्ये पाळलेला लांडगा होता. आपल्यासमोर झाडीतून सोडणार होते, तुम्ही टाळ्या वाजवणार होतात. मी म्हटलं, हे माझ्या हातून होणार नाही. ट्रक परत पाठवला."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"शब्द दिला होता मॅनेजरला, लोकांसमोर तमाशा करणार नाही म्हणून. त्या बदल्यात ट्रक गेला." पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "तू लिहिलंस. विचारायला आला नाहीस."

ते गेल्यावर मी अंगणातला तो फोटो पुन्हा नीट पाहिला. मी ज्याला झटापट समजलो होतो ते एक वर्तुळ होतं. तेच पंजे त्याच वाटेने गोल गोल फिरलेले, आतल्या बाजूला साखळीने ओढलेला चर, मधोमध खुंटीचं भोक. सही स्पष्ट होती. मी आधी खाली बघितलंच नव्हतं.

मी दुसरं पत्रक काढलं, चूक कबूल करणारं. घरोघरी दिलं, ऑफिसात दिलं. चूक वाचायला कुणाला सवड नव्हती. पुढच्या हिवाळ्यात नवा वाटाड्या गेला, आणि कुळकर्णीबाईंच्या शेजाऱ्यांना लांडगा दिसला. अगदी नाश्त्यानंतर, दहा वाजता. काका त्यानंतर दोन वर्षांनी गावी गेले. निघताना प्लॉटमधल्या मांजरीच्या ठशांना वळसा घालून टॅक्सीत बसले.

म्हणून एक मागणं आहे. जंगलात गेलात आणि वाटाड्या 'नाही' म्हणाला, तर त्याला बाजूला घेऊन 'का' ते विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. आणि जनावर सांगितल्या वेळी हजर झालं, तर टाळ्या वाजवू नका. ते जिथून आलं तिथे चालत जा आणि आधी खाली बघा. पावलं गोल गोल फिरलेली असतील, तर मग पत्रक काढा.