सासूबाईंची बोटं

लष्कराने मोडीत काढलेला ट्रक ह्यांनी घेतला होता. चारही चाकांना जोर असलेला, पण चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस झिजल्यामुळे नुसता खडखडणारा. रविवारी परळच्या आमच्या चाळीपुढे ह्यांनी शाफ्ट उतरवला आणि नवे क्रॉस बसवायला घेतले. क्रॉसच्या टोकावरच्या वाटीत कडेने उभ्या लावायच्या सुईएवढ्या पोलादी कांड्या सारख्या आडव्या पडत, आणि हे माझ्यावर खेकसत.

गिरणीत तुटके धागे सांधणाऱ्या सासूबाई खाली आल्या. "सरक रे," म्हणाल्या. वाटीत ग्रीस भरून, माझ्याशी गप्पा मारत, खाली न बघता त्यांनी एकेक कांडी उभी चिकटवली.

संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला चाळ त्याच ट्रकमधून निघाली. खडखड थांबली होती, तेव्हा कुठे कळलं, घोषणांत सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा.