धुऱ्यावरची जुनी पऱ्हाटी

फवारणीचा पंप आमच्याकडे मोरीच्या मागे उलटा करून ठेवलेला असायचा. श्रावण सरत आला की मी त्याच्याकडे बघायचंच टाळायचे. काही वर्षांपूर्वी एका फवारणीनंतर आमच्या ह्यांना धड दिसेनासं झालं, हात थरथरायला लागले आणि मारेगावहून थेट यवतमाळच्या दवाखान्यात हलवावं लागलं. तिथे खाटेशी बसून मी एवढंच ठरवलं होतं, की हा पंप पुन्हा ह्यांच्या पाठीवर जाऊ द्यायचा नाही. ठरवायला काय लागतं! दरवर्षी कपाशीत गुलाबी बोंडअळी दिसली की हे पंप काढायचे, मी भांडायचे, हे म्हणायचे, "मले काई होत नाई," आणि शेवटी पाणी मीच आणून द्यायचे. भांडायलाही अंगात जोर लागतो. तो माझ्यात फारसा उरला नव्हता.

म्हणून कृषी सहायक त्या वासाच्या दोऱ्या घेऊन गावात आले, तेव्हा सगळ्यांत पुढे जाऊन मी बसले. मादी पतंगाचा वास कारखान्यात तयार करून दोरीत भरलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, जागोजागी अशी दोरी बांधली की वावरभर तोच वास. नर बिचारा जिकडे जाईल तिकडे बायकोचा वास, आणि बायको कुठेच नाही. जोडी जमली नाही की अंडी नाहीत, अंडी नाहीत तर अळी नाही. साहेबांचं नुकतंच लग्न झालेलं. नर-मादीचं आलं की ते आभाळाकडे बघून बोलायचे आणि बाया पदरात तोंड घालून हसायच्या. एकीने तर विचारलंच, "याच्या उलटी दोरी नाई का साहेब? आमचे बुवा घरीच येत नाई." मीही हसले. पण साहेब पुढे जे बोलले त्याने माझं हसू गेलं. दोऱ्या सगळ्या शेतांत सलग बांधल्या तरच उपयोग, म्हणाले. शेजारचं शेत मोकळं राहिलं तर तिथल्या अंड्यावर आलेल्या माद्या उडून इकडे येणार.

आमच्या शेजारचं शेत होतं भासऱ्यांचं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचं. मधल्या धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, पट्ट्यावरून ह्यांच्या दवाखान्याच्याही आधी दोघा भावांचं बिनसलं ते बोलणं बंद होण्यापर्यंत गेलं. शेवटी आदल्या साली गावातल्या चार लोकांनी तोडगा काढला, की सरकारी मोजणी होईपर्यंत त्या पट्ट्याला कुणीच हात लावायचा नाही. मोजणी काही झाली नाही. तेव्हा तिथे उभी असलेली पऱ्हाटी उपटलीही गेली नाही. दोन्हीकडे नवं पीक आलं आणि मधे ती म्हातारी झाडं उभी.

आता भासऱ्यांना दोऱ्यांचं सांगणार कोण? हे मरून जातील पण बोलणार नाहीत. आणि आमच्याकडे सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. मी पदर घेऊन त्यांच्या गोठ्याशी गेले आणि बैलाला म्हटलं, "आमच्या वावरात दोऱ्या बांधून राह्यले म्हना. बाजूवाल्यानं नाई बांधल्या तं सारंच पान्यात जाईन." भासरे खाली बसून दोर वळत होते. मान वर न करता तेही बैलालाच म्हणाले, "सांगजो तिले, बांधतो म्हना." बैल आपला रवंथ करत होता. दोन्ही घरांत मिळून ज्याचं कुणाशीही बिनसलेलं नव्हतं असा तो एकटाच.

दोऱ्या बांधल्या गेल्या. भासऱ्यांनी त्यांच्या बाजूने पट्ट्याच्या कडेपर्यंत बांधल्या, आम्ही आमच्या बाजूने कडेपर्यंत. साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी पट्ट्याकडे बोट दाखवलं. "हे जुनं आधी काढा, अळी यातच दडून राहते." ह्यांनी मान हलवली. साहेब पलीकडे गेले, तिथे भासऱ्यांनीही मान हलवली. काढलं कुणीच नाही. चार लोकांत दिलेला शब्द होता ना! आमच्या घराण्यात शब्दाला फार जपतात.

पावसाने त्या जुन्या झाडांना पालवी फुटली आणि आमच्या नव्या पऱ्हाटीच्या कितीतरी आधी त्यांना फुलं आली. तिथे ना दोरी, ना निंदण, ना कुणाची नजर. पतंगांना आयतंच मिळालं. पोळ्यानंतर निंदायला गेले तर आमच्या धुऱ्याकडच्या ओळींत डोमकळ्या दिसल्या. अळी आतून पाकळ्या जाळ्याने शिवून टाकते, फूल उमलत नाही, त्याला डोमकळी म्हणतात. एक उघडली, आत अळी. दुसरी उघडली, आत अळी. मी तिथेच बसले. रडूही आलं नाही, इतकी दमले होते.

ह्यांनीही त्या पाहिल्याच असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीमागून पंप निघाला. "नका नेऊ," मी म्हटलं. हे खांद्याला पट्टे लावून निघाले. मी दारात उभी राहिले आणि मला दवाखान्यातली ती खाट दिसली, चादर घट्ट धरलेले ह्यांचे हात दिसले. तशीच तडक भासऱ्यांच्या अंगणात गेले. पदर घ्यायचं सुचलंही नाही. बैल समोरच होता, पण या वेळी मी त्याला मधे घेतलं नाही.

"भाऊजी, तुमचे भाऊ पंप घेऊन वावरात गेले. यवतमाळले दवाखान्यात होते तवा तुमी आले नाई. आज तरी चाला."

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी या घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

"आल्तो," ते म्हणाले. "फाटकापाशी उभा होतो दिवसभर. अंदर कोनतं तोंड घेऊन येऊ?"

एवढं बोलून ते चपला घालून निघालेही.

हे पहिल्या ओळीशी उभे होते, नळी हातात, अजून सुरुवात व्हायची होती. भासऱ्यांनी मागून जाऊन पंपाचा पट्टा सोडला. ह्यांना वाटलं मीच. "सोड न वो," असं खेकसून वळले, तर समोर भाऊ. भासऱ्यांनी पंप उतरवून बाजूला ठेवला आणि सरळ पट्ट्यात शिरून जुनी पऱ्हाटी उपटायला लागले. जमिनीत ओल होती, झाडं मुळासकट येत होती. हे बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग दुसऱ्या टोकाने त्यांनीही सुरुवात केली. मी डोमकळ्या तोडून पोत्यात भरत होते आणि डोळे पुसत होते. दुपारपर्यंत पट्टा मोकळा झाला. जाताना भासऱ्यांनी पंप खांद्यावर टाकला आणि घरी घेऊन गेले.

त्या साली थोडा कापूस किडका निघाला, बाकीचा बरा आला. मोजणी अजून झालेली नाही. भाऊ अजून बोलत नाहीत. पंप भासऱ्यांनी परत दिलेला नाही. अळीचे दिवस आले की हे मोरीमागे जाऊन बघतात आणि चिडतात, "धुरा त् धुरा, आता पंपबी त्यानंच ठेवला. जाय, घेऊन ये."

"तुमचा भाऊ हाय," मी म्हणते. "तुमीच मांगा."

हे जात नाहीत.