पोलिसाच्या नजरेत न भरणारा रंग

“पोलिसाच्या नजरंत भरंल असा रंग मी लावनार नाय.” गिऱ्हाइकाची गाडी शेडमध्ये शिरायच्या आतच त्यांचं हे सांगून झालेलं असायचं.

सातिवलीत माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान होतं आणि त्याला लागूनच त्यांची पत्र्याची शेड. मिठागराच्या बाजूच्या गावातले, पन्नाशी उलटलेले, किडकिडीत. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे. हात असा, की ठोकून रंगवलेला दरवाजा कुठला हे मलाही ओळखता यायचं नाही. पण तोंड! कुणी लाल रंग मागितला की म्हणायचे, “लाल? नाक्यानाक्यावर थांबवतील.” काळा म्हटलं तर, “काला? मंग पहिला हात तुलाच दाखवतील.” पिवळा मागणाऱ्या एका हौशी माणसाला त्यांनी चहा पाजून परत पाठवला. माझे डबे पडून राहायचे.

“काका, माझ्या पोटावर का उठलात?”

“पांढरा ठेव. तोच खपनार.”

तुम्ही ते दिवस इकडे काढले असतील तर त्यांना हसणार नाही. टोळ्या, जमिनींवरून मारामाऱ्या, कधीही नाकाबंदी. तरुणपणी लाल मोटारसायकलमुळे काकांना दुसऱ्याच कुणाच्या बदली धरून नेलं होतं. तेव्हाचा मार त्यांच्या पाठीपेक्षा डोक्यात जास्त बसला होता. म्हणून दुसरा नियम: रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसी बुकात त्याची नोंद करायचीच. “कागद सरल असंल, तर मानूस सरल.”

त्यांच्या एकुलत्या मुलीच्या नवऱ्याने भाजी वाहायला जुनी व्हॅन घेतली. रंग गडद हिरवा. त्याला तो आवडला होता.

“मामा, राहू द्या ना हाच.”

मामा ऐकतात कुठले! चार दिवस राबून त्यांनी व्हॅन पांढरीशुभ्र केली, पाठी लागून आरसी बुकात नोंद करून घेतली. मग मला बोलावून दाखवली. “आता शंभर व्हॅनींत उभी कर. कोन विचारनार नाय.” इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

आठच दिवसांनी हायवेच्या बाजूला एका सराफाचं दुकान लुटलं गेलं. चोर पांढऱ्या व्हॅनमधून पळाले. पोलिसांनी दिसेल ती पांढरी व्हॅन अडवायला सुरुवात केली आणि कागद बघून एकेक सोडून दिली. जावयाची तेवढी सोडली नाही, त्यालाही धरून नेलं. त्याच्या कागदावर हिरव्याचा पांढरा झाल्याची ताजी नोंद होती.

मुलगी रडत शेडवर आली. मीच काकांना म्हणालो, “चला चौकीवर. खरं काय ते सांगा, दहा मिनिटांत सुटेल.” माझी अक्कल!

साहेब तसे शांत होते.

“रंग कोणी बदलला?”

“म्या, साहेब.”

“जावयाने सांगितलं?”

“नाय, त्याला नको व्हता. म्याच हट्ट केला.”

“का?”

रंग उडाला होता म्हणायचं, उन्हात पांढरी गाडी कमी तापते म्हणायचं. काहीही चाललं असतं. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, “पोलिसांच्या नजरंत भरू नये म्हनून, साहेब.”

साहेबांचं पेन थांबलं. “लिहून घे,” ते हवालदाराला म्हणाले, “शब्द न् शब्द.”

मी सावरायला गेलो. “साहेब, हे सगळ्याच गिऱ्हाइकांना असं सांगतात.”

“सगळ्यांना?” साहेबांनी विचारलं, आणि मी जीभ चावली.

आतल्या खोलीतून जावयाचा आवाज येत होता. काका दारापर्यंत गेले, हवालदाराने त्यांना बाहेर काढलं.

पाच दिवसांनी खरे चोर दुसरीकडेच सापडले. जावयाला “जा” एवढंच सांगून सोडलं. त्याच्या उजव्या कानात कापूस होता. तो कान कायमचा गेला. व्हॅन त्याने मिळेल त्या भावाला विकली आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. सासऱ्याला मात्र तो वाकडा शब्द बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर काका वाचले असते, असं मला अजून वाटतं. चौकीवर घेऊन गेलो म्हणून काकांनीही मला कधी दोष दिला नाही. रंग कोणता लावू, असं गिऱ्हाईक विचारू लागलं की ते माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचे.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सासरा-जावई ओट्यावर बसले होते. काका जावयाच्या उजव्या बाजूला, हळू आवाजात काहीतरी बोलत होते. जावई समोर रस्त्याकडे बघत होता. मला वाटलं, म्हातारा विसरला. बाजूला घेऊन सांगितलं, “काका, त्या कानाने त्याला ऐकू येत नाही.”

“ठाव हाय,” ते म्हणाले, आणि परत तिथेच जाऊन बसले.

वर्षभरात काका गेले. सगळं उरकून आम्ही परत फिरलो तेव्हा जावई माझ्या सोबत चालत होता. वाटेत थांबून त्याने विचारलं, “तुमच्याशी बोलायचे ना ते? मामा रोज माझ्या त्या कानाशी काय सांगायचे हो?”

मी म्हणालो, मला माहीत नाही.