जुन्या स्प्रिंगचं माप

धाकट्या भावाच्या मुलीचा आज चार वाजता साखरपुडा. जायचं नाही असं ठरवून मी दाराच्या सरकत्या खिटीची स्प्रिंग घ्यायला बाहेर पडलो.

“अगदी या जुन्या स्प्रिंगएवढीच द्या, आणि भाव नीट लावा.”

“शेठ, ही दबून दबून आखडलीय,” दुकानदारकाका म्हणाले. “हिच्यावरून माप घ्याल तर खिटी बाहेरच येणार नाही. ती बसते त्या खाचेचं माप घ्या.”

काउंटरवरच्या स्प्रिंगांवर ऊन पसरलं होतं. त्यातली एक चिमटीत दाबून सोडली, तर ती अलगद उमलली. मी दाबत राहिलो, सोडत राहिलो; घासाघीस राहूनच गेली.

वाटणीच्या दिवशी भाऊ मला लोभी म्हणाला होता. बारा वर्षं मी त्याला त्या एका शब्दावरून मोजत आलो.

जुनी स्प्रिंग तिथेच ठेवून मी विचारलं, “काका, वाजले किती?”