कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास

शूटिंगवाल्यांना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. समोरासमोर दारं, एवढंच. त्यांना भावंडं किती, हेही मी कधी विचारलं नाही. लिहायची मला सवय नाही. पण ते गेले, आणि त्यांच्या बायकोला, वहिनींना, ते गेल्याचं अजून कळलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

जन्मभर त्यांनी लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं. आवड मात्र राक्षसांच्या सिनेमांची. त्यातही कॅमेरा हातात धरून, पळत काढलेले. माणसं मेली आणि मागे नुसती टेप सापडली, असं भासवणारे. एकदा मलाही बसवलं. मला मळमळायला लागलं.

"राक्षस कुठाय हो? नुसती जमीन दिसतेय."

"राक्षस रबराचा असतो," ते हसले. "भीती वाटते ती कॅमेरा धरणाऱ्यामुळे. तो दिसत नाही, पण श्वास ऐका त्याचा. आपल्या कानाशी येतो."

पुढे वहिनींना विसरायला होऊ लागलं. दिवस कलला की घरात कोणीतरी शिरलंय असं त्यांना वाटे. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट. "आधी त्याला हाकला." शेवटी शूटिंगवाल्यांनी कॅमेरा काढला, पलंगाखाली, कपाटात, सगळीकडे फिरवला आणि टीव्हीला जोडून दाखवलं. "बघ, कोणी नाही." वहिनी चार घास जेवल्या. कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास; त्याच्यावरच तर घर चाललं होतं.

काही दिवस बरे गेले. मग एकदा त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "ऐका, श्वास घेतोय तो!"

शूटिंगवाल्यांना दमा होता. आवाज बंद करून दाखवलं, तर म्हणाल्या, "आता दबा धरून बसलाय." श्वास रोखून शूटिंग केलं, तर खोकल्याची उबळ आली. त्या दिवशीची वहिनींची किंकाळी माझ्या घरात ऐकू आली.

ते माझ्या दाराशी आले. "शेजारी, तुम्ही धरा कॅमेरा. मी पुढे राहतो. मी दिसलो की घाबरणार नाही ती."

"अहो, माझा हात कापतो."

"कापू दे. तिनं जेवलं पाहिजे हो. काल पाणीसुद्धा घेतलं नाही."

मी धरला. त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, कॅमेऱ्याकडे बघून नवरदेवासारखे हसले. टीव्हीवर ते पाहून वहिनी खुलल्या.

"अगंबाई, आमचे हे! कधी आले?"

मग शेजारी वाटी घेऊन बसलेल्या नवऱ्याकडे मान वळली आणि त्या भिंतीला जाऊन चिकटल्या. "मग हा कोण? यांना सांगा ना कोणीतरी, हा इथेच बसलाय!"

शूटिंगवाल्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेले.

तेव्हापासून रोज तसंच. मी शूटिंग करायचं, मी भरवायचं. वहिनी पडद्यातल्या नवऱ्याशी गप्पा मारत जेवायच्या. खरा नवरा स्वयंपाकघराच्या दाराआड, तोंडावर टॉवेल दाबून, फटीतून बघत उभा. एकदा न राहवून त्यांनी तिथूनच हाक मारली. वाटी भिंतीवर गेली. पुन्हा मारली नाही.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचं शूटिंग वहिनी अजून रोज बघतात. ते आटोपून मी चपला घालत होतो.

"उद्या शर्ट बदलतो," ते हळूच म्हणाले. "रोज हाच बघून कंटाळली असेल."

"निळा घाला."

"निळा धुवायला टाकलाय."

"मग असू दे. हाही बरा दिसतो."